घाणेरीचे फूल आणि घाणेरीचे मूळ

(वाचन : मत्तय, अध्याय १२ व १३, शास्ते, अध्याय ९)



निदणाचा दाखला आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. शेतधन्याने चांगले बी पेरले, लोक झोपेत असता वैऱ्याने येऊन गव्हात निदण मिसळले, चाकर ते उपटावयास निघाले, आणि धन्याने त्यांस कापणीपर्यंत थांबविले. ह्या दाखल्यावर मंडळ्यांतून पुष्कळ प्रवचने झाली आहेत. आज आम्ही त्याच्या शेजारी एक दुसरे निदण ठेवून पाहणार आहो. हे निदण रात्री कोणा वैऱ्याने पेरले नाही. ते भर दिवसा मित्रांनी आणिले, हौसेने लाविले, त्यास पाणी घातले आणि त्याच्या फुलांचे कौतुक केले. आपल्या बाजूस त्याचे नाव घाणेरी; कोठे टणटणी म्हणतात, कोठे रायमुनिया.

मासवणहून मनोराकडे जाताना डोंगरउतारावर, नाल्याच्या कडेस, पडीक वरकस जमिनीत, जेथे दृष्टी टाकावी तेथे ही दिसते. तिचे फूल सुंदर आहे, हे आधी मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. एकाच लहान गुच्छात मध्यभागी पिवळी आणि कडेस गुलाबी किंवा नारिंगी फुले असतात. फूल उमलते तेव्हा पिवळे असते आणि जुने होत जाते तसा त्याचा रंग पालटतो. फुलपाखरे बहुधा पिवळ्या फुलांकडेच वळतात, कारण मध तेथे असतो. लहान मुली ही फुले वेणीत माळतात. परंतु पान चुरगाळून नाकाशी धरिले, की आपल्या पूर्वजांनी तिचे नाव फुलावरून न ठेविता पानावरून का ठेविले, ते कोणास सांगावे लागत नाही. देठ चौकोनी, त्यावर वाकडे बारीक काटे. एकदा जाळीत शिरलेला मनुष्य अंगरखा फाडून घेतल्यावाचून बाहेर येत नाही.

दाखल्यातील निदण गव्हासारखे दिसणारे एक गवत होते. कणसे येईपर्यंत ते ओळखू येत नसे, आणि त्याचा दाणा पोटात गेला तर मनुष्यास घेरी येई. आपल्या भातखाचरांत देवभात उगवतो, त्यासारखेच हे. लोंबी बाहेर पडेपर्यंत खरे भात कोणते आणि देवभात कोणता, हे जुन्या जाणत्या शेतकऱ्यासही चटकन सांगवत नाही. अशा निदणाचा धोका त्याच्या सारखेपणात आहे. घाणेरीचा धोका निराळा. ती कोणत्याही पिकासारखी दिसत नाही, कोणास फसवून आत येत नाही. लोक तिला पाहून, पसंत करून आत घेतात.

ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील. सतराव्या शतकात डच लोकांनी ती तेथून युरोपात नेली. तेथील बागवानांस ती इतकी आवडली, की त्यांनी निरनिराळ्या जातींचे संकर करून नवे नवे रंग निपजविले. आज आपल्या रानांत माजलेली घाणेरी ही त्या बागेतल्या संकरांचीच संतती आहे. म्हणजे रानात जे झुडूप होते त्याहून बागेतून निघालेले झुडूप अधिक बळकट होऊन बाहेर पडले. आपल्या देशात इ. स. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात ती शोभेसाठी लावण्यात आली. तेथून बंगल्यांच्या आवारांत, छावण्यांच्या कुंपणांत, आणि तेथून बुलबुल व साळुंकी ह्यांच्या पोटातून रानांत गेली. तिची पिकलेली काळी-जांभळी फळे पाखरांस गोड लागतात, आणि पाखरू जेथे बसते तेथे बी पडते. एका मोठ्या झुडपास वर्षाला बारा हजारांपर्यंत फळे धरतात, असे सांगतात. हवाई बेटांतही असेच घडले. तेथे इ. स. १८५८ मध्ये एका वैद्याने ती आपल्या बागेसाठी नेली, आणि इ. स. १९०२ पर्यंत तिच्यामुळे कुरणे इतकी बुडाली होती, की सरकारास मेक्सिकोतून तिला खाणारे किडे मागवावे लागले.

त्या वैद्याच्या किंवा कलकत्त्याच्या माळ्याच्या मनात काही वाईट होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी फूल पाहिले. मूळ कोठवर जाते, बी कोण नेतो, पाने कोण खातो, हे त्यांनी विचारिले नाही, इतकेच. आज मात्र हिशेब असा आहे : वाघांचा वास असलेल्या आपल्या देशातील रानांचा अभ्यास होऊन तो इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे घाणेरीने दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक रान, म्हणजे त्या रानांपैकी शेकडा चाळिसांहून जास्त भाग व्यापिला आहे. जगातील शंभर अति उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तिचे नाव आहे. त्याच यादीत जलपर्णी आणि रानमोडी ह्याही आहेत, आणि त्या दोघीही शोभेच्याच वाटेने ह्या देशात आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पण दूरच्या रानांचे राहू द्या. आपल्या पाड्यांवर तिने काय केले ते पाहू. जेथे घाणेरीची जाळी माजते तेथे तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही; शिवाय तिच्या पाना-मुळांतून असे काही द्रव्य जमिनीत उतरते, की दुसरी रोपे तेथे वाढीस लागत नाहीत. ज्या उतारावर पूर्वी गुरे चरत, जेथून गवताचे भारे निघत, तेथे आता म्हैस शिरत नाही. पहिल्या पावसानंतर आपल्या आयाबहिणी शेवळा, लोत, कोळीची भाजी, करांदे शोधावयास रानात जातात. घरात धान्य सरलेले असते अशा त्या दिवसांत ही भाजी म्हणजे गरिबाच्या ताटातला मोठा आधार. घाणेरी जितकी पुढे सरकते तितकी त्यांची वाट लांबते. साग, ऐन, खैर, मोह ह्यांचे बी पडते, परंतु रोप वर येत नाही. म्हातारे मोह उभे आहेत आणि त्यांच्यामागे पोरे नाहीत, असे रान आपण पाहिले असेल.

गुरांविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवितो. ह्या झुडपाच्या पानांत लँटाडीन नावाचे विष आहे. ते जनावराच्या यकृतास मारते. आपली गावची गुरे वासानेच तिला टाळतात. परंतु उन्हाळ्यात चारा संपला म्हणजे भुकेले जनावर, किंवा बाजारातून नवे आणलेले जनावर तोंड घालते. मग ते खाणे सोडते, त्याचे शेण आवळते, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, उन्हात उभे राहवत नाही, आणि नाकपुडीची कातडी सुजून फाटते. अशा वेळी ह्यावर दृष्ट काढीत बसू नये. जनावरास सावलीत बांधावे आणि त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरास बोलवावे, कारण पोटात राहिलेला पाला पुढेही विष सोडीत असतो. मुलांसही सांगावे, की हिच्या हिरव्या फळांस तोंड लावू नये.

आता शास्त्याच्या पुस्तकातील योथामाची गोष्ट आठवा. झाडे आपल्यासाठी राजा शोधावयास निघाली. जैतुनाने नाही म्हटले, अंजिराने नाही म्हटले, द्राक्षवेलाने नाही म्हटले, कारण त्या प्रत्येकास आपले तेल, आपली गोडी, आपला रस सोडावयाचा नव्हता. मग झाडे काटेझुडपाकडे गेली; त्याने ताबडतोब होकार देऊन सर्वांस आपल्या सावलीत बोलाविले, आणि न आलात तर माझ्यातून अग्नि निघेल असा धाकही घातला. योथामाने हे अबीमलेखाविषयी सांगितले हे खरे. परंतु ज्याने काटेझुडूप पाहिले नाही अशा मनुष्याने ही गोष्ट रचिली नसती. घाणेरी दाट रानात सहसा जोर धरीत नाही. तिला ऊन लागते. जेथे मोठी झाडे तुटली, जेथे दरवर्षी वणवा फिरला, जेथे गुरे अति चरली, तेथे सिंहासन रिकामे होते, आणि तेथे ती बसते. तिचा अग्निही खरा आहे. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या जाळीतून वणवा जमिनीवरून थेट झाडांच्या शेंड्यांस पोहोचतो. साग होरपळतो, रोपे मरतात. घाणेरी मात्र पावसाबरोबर आपल्या मुळातून पुन्हा फुटते. म्हणून घाणेरी जाळून टाकू असे जे म्हणतात ते तिचेच काम करितात.

येथे एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. शेतधन्याने तर चाकरांस उपटू नका असे सांगितले; मग आपण कुदळ का उचलावी? आमचे उत्तर असे, की प्रभूने त्या दाखल्याचा अर्थ स्वतःच सांगितला आहे. शेत म्हणजे जग, आणि बी म्हणजे माणसे. माणसांमध्ये गहू कोणता व निदण कोणते हे ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती नाही, एवढे तो शिकवितो. आपल्या बांधावर काटे वाढू देण्यास तो परवानगी देत नाही. तसे असते तर आळशाच्या काटेरी शेताचे आणि ढासळलेल्या गडग्याचे वर्णन नीतिसूत्रांत का आले असते? मंडळीतील कोणाविषयी आपण फार घाई करितो आणि आपल्या आवारातील झुडपाविषयी फार सोशीक असतो. हे उलट झाले पाहिजे.

तथापि धन्याच्या सावधगिरीत जे शहाणपण आहे ते रानातही कामास येते. घाणेरीच्या जाळीत कधी कधी ऐनाचे किंवा खैराचे कोवळे रोप गुरांपासून वाचून वाढत असते. डोळे मिटून कोयता चालविणारा ते रोपही कापतो. त्या जाळीत पाखरांची घरटी असतात; तीव्र उतारावर तिच्या मुळांनी माती धरलेली असते. म्हणून सगळा डोंगर एका हंगामात उघडा करू नये. पट्ट्यापट्ट्याने काम करावे, आणि आधी हातांनी फांद्या बाजूस सारून आत काय आहे ते पाहावे.

घाणेरी काढण्याची रीतही नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक श्रम येथे फुकट जातात. कोयत्याने बुंधा वरून छाटला, की एकाच्या जागी दहा फुटवे येतात, आणि ओल्या मातीस टेकलेल्या फांद्याही मुळे धरितात. सरकारी खात्यांनीही पुष्कळ उपाय केले आहेत. इ. स. १९२१ मध्ये हवाईहून तिच्या फळांत अंडी घालणारी एक माशी बंगळुरास आणिली; इ. स. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून पाने शोषणारा एक ढेकूण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत आणिला. तो ढेकूण सागाच्या फुलांसही लागतो असे दिसून आल्यावर त्याची पैदास नष्ट केली, परंतु काही निसटले ते निसटलेच. ह्या परदेशी किड्यांनी घाणेरी अद्याप आटोक्यात आलेली नाही. ज्या रीतीने खरोखर गुण येतो ती साधी आहे : दोघांनी मिळून काम करावे. एकाने फांद्यांचा झुबका उचलून धरावा, दुसऱ्याने कुदळीने जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडावे, आणि मग सबंध झुडूप उलटे करून, मुळे वर आणि शेंडा खाली असे, उन्हात ठेवावे. फुटवे मुळाच्या वरच्या गाठीतून येतात. ती गाठ निघाली म्हणजे पुन्हा फुटावयास काही उरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतितज्ज्ञांनी ही रीत हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत चालवून दाखविली आहे. हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे, आणि निदान पुढची तीन वर्षे, जेथे पाखरे बसतात त्या झाडांखाली उगवणारी बारीक रोपे पहिल्या पावसानंतर माती मऊ असताना हातांनी उपटीत राहावे.

कित्येक म्हणतात, ही उपयोगी लावावी. कर्नाटकात मलेमहादेश्वराच्या डोंगरांत सोलिग लोक इ. स. २००४ पासून तिच्या काठ्यांच्या खुर्च्या, टेबले व टोपल्या करितात. नीलगिरीकडच्या आदिवासी कारागिरांनी तिच्या काठ्यांचे पूर्ण आकाराचे हत्ती केले आणि इ. स. २०२१ मध्ये ते लंडनच्या बागांत मांडण्यात आले. हे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे, आणि वेताची टोपली विणणाऱ्या आपल्या बांधवांस ते सहज साधेल. परंतु ज्या झुडपावर घर चालू लागले ते झुडूप संपावे असे कोणास वाटेल? काढलेली काठी वापरावी. काठीसाठी घाणेरी राखू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभू एका झाडलेल्या, नीटनेटक्या, परंतु रिकाम्या घराविषयी बोलतो. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येऊन पाहतो तो आत कोणी नाही. मग तो आपणाहून दुष्ट असे आणखी सात घेऊन येतो. रानाचेही तसेच आहे. घाणेरी काढून जमीन उघडी टाकिली तर पुढच्या पावसात घाणेरी तर येतेच, शिवाय रानमोडी येते, तरोटा येतो. त्याच आठवड्यात तेथे काही चांगले गेले पाहिजे. मारवेल व पवना ह्या गवतांचे बी टाकावे. मोहाच्या, करंजाच्या बिया लावाव्यात. कुंपणच हवे असेल तर निरगुडी आणि अडुळसा ही आपल्याच मातीतील झाडे आहेत. गुरे त्यांस खात नाहीत आणि पाला औषधास येतो.

उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे, कारण ज्यास आम्ही पुढे बोट दाखविणार आहो ते प्रत्येक पाड्यावर आहे. गणपती-दिवाळीच्या सुमारास, घरात पैसा नसतो आणि सण दाराशी उभा असतो तेव्हा, वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन येतो. तो गोड बोलतो. त्याने आणलेल्या नोटांत नवे लुगडे आहे, मुलीचे लग्न आहे, मंडपाचे दिवे आहेत. फूल खरोखरच सुंदर आहे. दिवाळीनंतर सगळे कुटुंब, पोराबाळांसह, भट्टीवर जाते; मुलांची शाळा सुटते; मे महिना सरतो तेव्हा हिशेब होतो आणि उचल फिटलेली नसते. त्यापूर्वीच्या काळी ह्याच जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवराबायको सावकाराकडे जन्मभर राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. इ. स. १९४५ मध्ये वारली उठले आणि ती पद्धत मोडली. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. मूळ तोडले होते. पण त्या जागी काय पेरले? लग्नाचा खर्च तसाच राहिला, सणाचा मान तसाच राहिला, अडल्या वेळी चार पैसे देणारी गावची पेटी झाली नाही. जागा रिकामी राहिली, आणि तेच मूळ दुसऱ्या रंगाचे फूल घेऊन परत आले. केवळ उचल घेऊ नका असे व्यासपीठावरून सांगणे म्हणजे कोयत्याने वरवर छाटणे होय. ज्या मंडळीत बहिणींचा बचत गट उभा राहील, आणि ज्या मंडळीत लग्न साध्या जेवणावर होण्यास वडीलमंडळी आपल्या घरापासून आरंभ करील, तेथे मुकादमास बसावयास जागा मिळणार नाही.

आमच्या प्रार्थनामंदिरांच्या आवारांविषयी दोन शब्द. कित्येक ठिकाणी दाराशी रंगीबेरंगी घाणेरी कुंड्यांतून लाविलेली आम्ही पाहतो. रोपवाटिकेत ती दुसऱ्याच गोड नावाने मिळते. विकणारा सांगतो, की ही रानातली नव्हे, हिला फळ धरत नाही. काही जाती तशा असतीलही. परंतु त्यांचा पराग रानातल्या झुडपांवर जातो, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर डोंगर पणास लावणे शहाणपणाचे नव्हे. त्या कुंड्यांत झेंडू, अबोली, मोगरा लावावा.

ज्या पाड्यांस वनहक्क कायद्याखाली, म्हणजे इ. स. २००६ च्या अधिनियमाप्रमाणे, सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तेथील आपल्या बांधवांनी हा विषय ग्रामसभेत काढावा. हे रान सर्वांचे आहे आणि मोहाची फुले वेचताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. जेथे हक्क मिळाला नाही तेथे वनरक्षकास सांगूनच हात घालावा.

मासवण बाजूच्या मंडळ्यांनी दफनभूमीपासून आरंभ करावा असे आम्ही सुचवितो. पुष्कळ ठिकाणी जुन्या कबरांवर घाणेरीने छत धरिले आहे आणि नावे वाचता येत नाहीत. पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीचे दोन शनिवार पुरेसे होतील. कोयते थोडे, कुदळी अधिक आणाव्यात. हातांस गुंडाळावयास जुने गोणपाट आणावे. गवताचे बी ज्यांच्याकडे असेल त्यांनी उपदेशकाजवळ आधी सांगून ठेवावे. काढलेली झुडपे उलटी करून कुंपणाच्या आत उन्हात ठेवावीत, नदीत टाकू नयेत, आणि पहिला पाऊस पडल्यावर मुलांच्या शनिवारच्या वर्गाने येऊन बारीक रोपे उपटावीत.